लुळा चाप

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा होता. दुकानाच्या दारावरची घंटी वाजली आणि सत्तरीतला एक शेतकरी चौकड्यांच्या जुन्या ब्लँकेटात गुंडाळलेली रायफल तान्ह्या पोराला आणावं तशी दोन्ही हातांवर घेऊन आत आला. काउंटरवर ठेवून त्यानं ब्लँकेट उलगडलं. लीव्हर उघडा, बोल्ट मागे, चेंबर रिकामं. इथल्या जुन्या माणसांना हे शिकवावं लागत नाही. मी आत डोकावून बघेपर्यंत तो थांबला, मग त्यानं लीव्हर मिटवला, रायफल माझ्या कानाशी धरून हलवली आणि म्हणाला, "ऐक."

आतून टुकटुक आवाज आला. चाप पुढेमागे हलत होता, पडायला आलेल्या दुधाच्या दातासारखा.

"वडिलांची आहे. चाप पार लुळा पडलाय. सीझनच्या आत घट्ट करून दे."

मी पावती फाडली आणि तक्रारीच्या रकान्यात लिहिलं: चाप सैल. रायफल रात्रभर दुकानात राहणार म्हणजे सरकारी नोंदवहीत तिचा नंबर, आल्याची तारीख, मालकाचं नाव हेही आलंच. दुरुस्तीसाठी आलेली बंदूक त्याच दिवशी परत गेली तर नोंद लागत नाही, मुक्कामाला राहिली की लागते. गावाकडच्या लॉजच्या रजिस्टरासारखंच आहे हे.

मी मूळचा कुडाळ तालुक्यातला. आयटीआय फिटर, नंतर चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूमला चौदा वर्षं. बायको नर्स. तिला पेनसिल्व्हेनियात नोकरी लागली आणि आम्ही विल्यम्सपोर्टपासून तासाभरावरच्या एका लहानशा गावात येऊन पडलो. चहूकडे डोंगर, जंगल, गाईगुरं आणि पाच महिने थंडी. ग्रीन कार्ड आल्यावर आधी एका मशीन शॉपमध्ये लागलो, तिथून या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात. दुकानाच्या मालकाची तेव्हा पंचाहत्तरी उलटली होती. त्यांचा हात शाबूत होता, पण नजर अधू झालेली. त्यांना लेथवर बारीक काम करणारा माणूस हवा होता. बंदुकांचं मला काही कळत नाही, असं मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. ते म्हणाले, "बरं झालं. चुकीचं शिकलेलं विसरायला वेळ जाणार नाही."

अगदीच काही कळत नव्हतं असंही नाही. आमच्या घरी आजोबांची ठासणीची बंदूक होती. पीक संरक्षणाचा परवाना, रानडुकरांसाठी. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि निकालानंतर घरी यायची, त्यामुळे लोकशाहीशी माझी पहिली ओळख भिंतीवरच्या रिकाम्या खुंटीतून झाली. आजो ती खाली काढायचे तेव्हा आम्हा पोरांना उंबऱ्याबाहेर उभं करायचे. कोणी हात पुढे केलाच तर एकच वाक्य: "आधी बघ, मगे हात घाल." तेव्हा त्याचा अर्थ धाक एवढाच वाटायचा.

दिवाळीच्या फराळाला आसपासच्या शहरांतली मराठी मंडळी जमली की कोणीतरी आवाज खाली आणून विचारतंच, "बंदुकीच्या दुकानात? तू?" प्रश्न रास्त आहे. या देशातल्या बातम्या मीही वाचतो आणि मुलीच्या शाळेत गोळीबाराच्या वेळी लपायची कवायत होते हे मलाही ठाऊक आहे. त्यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही. मी एवढंच सांगतो की माझ्या बाकावर येतं ते बहुतेक शेतकऱ्यांचं आणि शिकाऱ्यांचं जुनं सामान, आणि जुन्या सामानाची दुरुस्ती नीट झालेली बरी. मी स्वतः शिकार करत नाही. पण गिऱ्हाइकांनी दिलेलं हरणाचं मटण बायको मालवणी मसाल्यात करते तेव्हा नाही म्हणत नाही.

आता ज्यांना ही रायफल डोळ्यांसमोर येत नाही त्यांच्यासाठी. काउबॉयच्या सिनेमात घोड्यावर बसलेला माणूस बंदुकीच्या खालचं लोखंडी कडं खाली ओढून वर घेतो आणि पुन्हा गोळी झाडतो, तीच ही. ते कडं म्हणजे लीव्हर. तो खाली गेला की रिकामी पुंगळी बाहेर पडते, वर आला की नवं काडतूस नळीत जातं. हेन्री रायफलचं पेटंट १८६० चं. नंतर जॉन ब्राउनिंगनं विंचेस्टरसाठी १८९४ चं मॉडेल आखलं आणि पुढच्या साली त्यासाठी थर्टी-थर्टी हे बिनधुराच्या दारूचं काडतूस आलं. त्या एका मॉडेलच्या सत्तर लाखांहून जास्त रायफली बनल्या. पेनसिल्व्हेनियात हरणाच्या शिकारीला सेमी-ऑटोमॅटिक रायफल चालत नाही आणि जंगल दाट, नेम लांबचा नसतो, त्यामुळे लीव्हरवाल्या इथे अजून घरोघरी आहेत. सीझन पूर्वी थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी उघडायचा, त्या दिवशी गावाकडच्या शाळांना सुट्टी असायची. २०१९ पासून तो शनिवारी उघडतो. म्हातारी मंडळी त्यावरून अजून कुरकुरतात. थँक्सगिव्हिंगच्या आधीचे दोन आठवडे आमच्या दुकानात मात्र गणपतीच्या आधी मूर्तिकाराकडे असते तशी झुंबड.

शेतकऱ्याची रायफल दुसऱ्या घराण्यातली, वरून बंद आणि बाजूनं पुंगळी फेकणारी. साधारण १९७० च्या आसपासची. नंतरच्या काळात आडवं दाबायचं सेफ्टीचं बटण आलं, ते हिला नाही. हिची सेफ्टी म्हणजे घोड्याची अर्धी खाच.

इथे शब्दांचा एक घोळ निस्तरायला हवा. मराठीत चाप आणि घोडा यांची सर्रास सरमिसळ होते. कथाकादंबऱ्यांत माणसं घोडा दाबतात, मुंबईच्या बोलीत तर अख्ख्या पिस्तुलालाच घोडा म्हणतात. बाकावर असं चालत नाही. चाप म्हणजे बोटाखालचा. घोडा म्हणजे मागे उभा असलेला, अंगठ्यानं ताणायचा, सुटला की पुढे जाऊन फायरिंग पिनवर आपटणारा. आणि या दोघांच्या मध्ये एक तिसरा असतो, तो बाहेरून दिसत नाही. त्याला सीअर म्हणतात. घोड्याच्या बुडाला खाच असते, सीअरचं नाक त्या खाचेत अडकतं आणि ताणलेला घोडा धरून ठेवतं. चाप दाबला की चापाची मागची बाजू सीअरला ढकलते, नाक खाचेतून निसटतं आणि घोडा सुटतो.

बऱ्याच बंदुकांत चाप आणि सीअर एकाच तुकड्याचे असतात. या घराण्यात ते दोन वेगळे तुकडे आहेत, एकाच पिनेवर बसवलेले. त्यांच्याजवळ एक छोटी स्प्रिंग असते. ती सीअरला दाबून धरते आणि शिवाय एका सेफ्टी ब्लॉकला. चापाला मात्र स्वतःची स्प्रिंगच नाही. लीव्हर पूर्ण मिटला की ब्लॉक बाजूला सरतो आणि चाप मोकळा लोंबकळत राहतो. म्हणजे हा लुळेपणा रायफल कारखान्यातून निघाली त्या दिवसापासूनचा. देवळातल्या घंटेची दोरी सैल असली म्हणून घंटा आपोआप वाजत नाही, तसंच हे. घंटा धरून ठेवणारी कडी मात्र झिजलेली नको. शेतकऱ्याला दोरी दिसत होती. मला कडी बघायची होती.

हे शहाणपण मला उपजत नव्हतं. टूलरूममध्ये चौदा वर्षं काढलेल्या माणसाला हलणारी वस्तू बघवत नाही. तिथे 'प्ले आहे' म्हणजे जॉब रिजेक्ट. दुकानात लागलो त्याच वर्षी अशाच एका रायफलचा चाप हलताना पाहून मी मालकांना म्हणालो होतो, सीअरचं नाक जरा ऑइल स्टोनवर घासून बसवून देतो, चाप मऊही होईल. ते काही बोलले नाहीत. भंगाराच्या डब्यातून एक घोडा, एक सीअर आणि मोडकी पट्टी काढून दिली. "यावर कर."

मी केलं. झकास केलं. आरशासारखं. मग त्यांनी तो घोडा ताणला, अंगठा मागे टेकवला आणि पुढे ढकलला. चापाला हात नाही. घोडा टपकन पडला. या भागांचं पोलाद फक्त वरवर कडक केलेलं असतं, पापुद्र्याएवढं. मी चकाकी आणायच्या नादात तो पापुद्रा पार केला होता आणि नाकाचा कोनही बिघडवला होता. त्या दिवशी ते एवढंच म्हणाले की तो तुकडा आता खिडकीत ठेव. अजून आहे. मी रोज बघतो.

त्यामुळे शेतकऱ्याची रायफल बाकावर घेतली तेव्हा पहिला अर्धा तास मी स्क्रू ड्रायव्हरला हातच लावला नाही. चेंबर पुन्हा बघितलं, करंगळी घालून चाचपलं, खालच्या नळकांड्यात काडतूस अडकलंय का ते पाहिलं. मग डमी काडतूस घालून एकेक चाचणी.

घोडा पूर्ण ताणला, अंगठ्यानं जोर लावून पुढे ढकलला. पडला नाही. अर्ध्या खाचेवर ठेवला, चाप दाबला. हलला नाही. घोडा ताणून दस्ता रबरी चटईवर आपटला, वरून रबरी हातोडीनं चार ठोके दिले. जागचा हलला नाही. म्हणजे नाक आणि खाच ठीक. इथवर मी मनातल्या मनात पावतीवर 'दोष नाही' लिहूनही टाकलं होतं.

मग ओढ मोजायचा काटा लावला. चाप किती वजनाला सुटतो हे तो सांगतो. दहा वेळा ओढलं आणि आकडे कुठल्या कुठे गेले. एकदा साडेचार पौंड, एकदा सहाच्या वर, मग पाच, परत सहा. कडक चाप चालतो, मऊही चालतो. जो दर वेळी वेगळा सुटतो त्याच्या आत काहीतरी जागा बदलत असतं.

आणि शेवटची चाचणी. घोडा ताणलेला ठेवून लीव्हर जेमतेम दोन सूत खाली सोडला आणि चाप दाबला. लीव्हर पूर्ण मिटलेला नसेल तर सेफ्टी ब्लॉक आड येतो आणि चाप दाबलाच जात नाही, जायलाच नको.

दाबला गेला. घोडा पडला.

डमी असूनही माझ्या पोटात गोळा आला. मी मालकांना हाक मारली. त्यांनी स्वतः दोनदा करून पाहिलं. दोन्ही वेळा तेच. आता खरं सांगायचं तर एवढ्यानं गोळी सुटली असतीच असं नाही, कारण या रायफलीची फायरिंग पिन दोन तुकड्यांची असते आणि बोल्टला खालून कुलूप बसल्याशिवाय मागचा तुकडा पुढच्याच्या रेषेत येत नाही. आखणाऱ्यानं दोन पहारेकरी ठेवले होते. पण त्यातला एक झोपला होता, आणि ज्याची तक्रार म्हणून रायफल आली त्या लुळ्या चापाचा याच्याशी काही संबंध नव्हता.

आता उघडायची. स्क्रूंच्या खाचा भिंगाखाली बघितल्या तर खालच्या पट्टीच्या दोन्ही स्क्रूंच्या कडा चेपलेल्या. कारखान्यात किंवा धड कारागिराकडे असं होत नाही. तिथे खाचेच्या मापाचा, समांतर कडांचा ड्रायव्हर घासून घेतात. म्हणजे आपल्या आधी कोणीतरी घरच्या ड्रायव्हरनं आत जाऊन आलं होतं. चेपलेला स्क्रू हा आमच्या धंद्यात चोराच्या पावलाचा ठसा.

लीव्हरचा स्क्रू काढला, लीव्हर निघाला, बोल्ट मागे सरकवून बाहेर घेतला, इजेक्टर काढून डबीत टाकला. दस्ता सोडवला. मोठी स्प्रिंग बाजूला सरकवून काढली, तेव्हा चेहरा लांब ठेवायचा. घोड्याचा स्क्रू, घोडा. मग पट्टीचे ते दोन चेपलेले स्क्रू. चाप, सीअर, ब्लॉक हे सगळं ज्यावर बसतं ती खालची पट्टी हातात आली आणि तिच्याबरोबर पन्नास वर्षांचा काळा चिकटा. हरणाचे केस, पाइनच्या सुया, घट्ट झालेलं तेल.

ब्रशनं ते धुतलं तेव्हा ब्लॉकच्या खालून काहीतरी चमकलं. चिमट्यानं ओढलं. बारीक गुंडाळीची स्प्रिंग, दीड-दोन सेंटिमीटरची, एका टोकाला कातरलेली, मध्येच वाकून दबलेली. मी ती तळहातावर धरली आणि ओळखायला सेकंदही लागला नाही. शाळेत परीक्षेच्या हॉलमध्ये जी उडून पुढच्या बाकाखाली जायची तीच. बॉलपेनची स्प्रिंग.

कोणीतरी चाप हलू नये म्हणून त्याच्या मागे ती खुपसली होती. युक्ती तशी वाईट नाही. हाच उपाय नीट भोक पाडून, स्प्रिंगला बसायला जागा करून करणारे कारागीरही आहेत. याने मात्र नुसती अडकवली. काही दिवस चाप गप्प राहिला असणार. मग स्प्रिंग घसरली, ब्लॉकखाली गेली, चिकट्यात रुतली आणि ब्लॉकला वर उचलून धरून बसली. चाप परत टुकटुक वाजायला लागला आणि पहारेकरी मात्र कायमचा आडवा. किती वर्षं? चिकटा पाहता बरीच.

आकडे नाचत होते त्याचं कारण वेगळं निघालं. चाप आणि सीअर दोघांना पेलणारी पिन काढली तर मधोमध तिला कंबर पडलेली. मायक्रोमीटरनं टोकांना मोजली, मग मध्ये मोजली. तीन हजारांश इंचांचा फरक. इथे इंचात बोलावं लागतं, पण मला अजून मिलिमीटरच कळतात: पाऊण दशांशाहून जरासा जास्त. ऐकायला काहीच नाही. पण सीअर याच पिनेवर फिरतो. पिन झिजली की सीअर दर वेळी कुठे बसेल याचा भरवसा नाही, कधी खाचेत जरा खोल, कधी जरा उथळ. चापाचा लुळेपणा आणि पिनेचा ढिलेपणा बोटाला सारखेच लागतात. पिनेवरचा सीअर दोन बोटांत धरून डायल गेजखाली वरखाली केला तेव्हा कुठे ते वेगळे झाले. चाप कितीही हलो, सीअरची जागा हलता कामा नये. माझा सगळा शोध शेवटी एवढ्यावर आला.

भोकं तपासली. पट्टीची आणि सीअरची दोन्ही गोल, शाबूत. नशीब. नाहीतर रीमर मारून जाडी पिन बसवावी लागली असती. पोलादाच्या सळईतून नवी पिन लेथवर कातली, कडक केली, पाणी उतरवलं, शेवटचा हात बारीक पॉलिश पेपरनं. अंगठ्यानं दाबल्यावर जाईल पण स्वतःच्या वजनानं पडणार नाही अशी. हे बसणं मला कोणी बंदूकवाल्यानं शिकवलं नाही, ते चिंचवडच्या टूलरूमचं. सीअर आणि ब्लॉकची मूळ स्प्रिंग थकलेली होती, ती नवी मागवली. सीअरच्या नाकाला, घोड्याच्या खाचेला मी हात लावला नाही. स्टोन ड्रॉवरमध्येच राहिला.

जोडणी, पुन्हा सगळ्या चाचण्या. लीव्हर दोन सूत उघडा, चाप दाबला: भिंतीला बोट लावल्यासारखं. एक सूत: तेच. पूर्ण मिटला: सुटला. काट्यावर दहा वेळा ओढलं, सव्वापाचच्या आसपास, इकडेतिकडे फार नाही. दुसऱ्या दिवशी मालकांनी मागच्या टेकडीला वाळूच्या पिशव्यांवर ठेवून पाच गोळ्या झाडल्या. मी कानाला मफ लावून शेजारी उभा होतो आणि दर गोळीनंतर आत डोकावत होतो. त्यांना त्याचं हसू येत होतं.

राहिला प्रश्न मूळ तक्रारीचा. चाप अजून हलत होता, टुकटुक अजून वाजत होती. बाजारात चाप आणि सीअर एकाच तुकड्यात असलेला तयार भाग मिळतो. तो टाकला की हा लुळेपणा मुळातूनच जातो आणि लोक हौसेनं टाकतातही. मी मालकांना विचारलं, टाकायचा का? ते म्हणाले, रायफल त्याची आहे, त्यालाच विचार. पण आधी ती स्प्रिंग दाखव.

शेतकरी शुक्रवारी आला. मी रायफल काउंटरवर ठेवली, लीव्हर उघडा. शेजारी प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत झिजलेली पिन आणि पेनची स्प्रिंग. पिनेची कंबर भिंगातून दाखवली. मग ब्लॉकचं सांगितलं, काय होत होतं आणि का. तो ऐकत होता, पण नजर स्प्रिंगवर. तोंडावरचा रंग जरा बदलला. मला वाटलं, वडिलांवर ठपका ठेवल्यासारखं झालं, म्हणून मी घाईनं म्हणालो की जुन्या काळी लोक असं करायचे, त्यात काही मोठं नाही.

"वडिलांनी नाही केलं," तो म्हणाला. "मी केलं. त्र्याऐंशी साल असेल. स्वयंपाकघरात, टेबलावर. ते गुरांचं बघायला बाहेर गेले होते." मग थोडं थांबून: "त्यांना कधी सांगितलं नाही."

चाळीस वर्षं तो हीच रायफल घेऊन जंगलात जात होता. मुलाला घेऊन गेला होता, आता नातवाला नेणार होता. आम्ही तिघंही थोडा वेळ काही बोललो नाही. हीटर घुरघुरत होता.

मग मी त्याला त्या एकसंध भागाबद्दल सांगितलं, किंमत सांगितली, सीझनच्या आत बसवून देता येईल हेही सांगितलं. त्यानं रायफल उचलली, लीव्हर मिटवला आणि कानाशी धरून हलवली. टुकटुक.

"हा आवाज वडील होते तेव्हाही यायचा?" त्यानं विचारलं. मला उद्देशून होतं की स्वतःलाच, कळलं नाही.

मालक मागच्या खुर्चीतून म्हणाले, "ती नवी असतानाही यायचा."

"मग राहू दे."

स्प्रिंग त्यानं शर्टाच्या खिशात टाकली, पिन मला ठेवायला दिली. ती आता खिडकीत माझ्या बिघडवलेल्या सीअरशेजारी आहे. मी नोंदवहीत परत दिल्याची तारीख घातली आणि पावतीची कार्बन कॉपी फाइलला लावली. तिच्यावर तक्रारीच्या रकान्यात आहे: चाप सैल. खाली कामाच्या रकान्यात माझ्या अक्षरात: चाप-सीअर पिन नवी, ब्लॉकची स्प्रिंग नवी, आतली सफाई, पाच गोळ्यांची चाचणी. चाप सैल, तसाच ठेवला.